मशीनच्या मर्जीचं मौन

आखाडा बाळापूरला दर एकतीस डिसेंबरला दुपारी बाजारमैदानात 'सरत्या वर्षातील दिवंगत मान्यवरांचा स्मरण सोहळा' होतो. वर्षभरात आसपासच्या गावांतून वारलेल्या, निरनिराळ्या क्षेत्रांतल्या नामवंतांचे फोटो एका मोठ्या फ्लेक्सवर छापतात. प्रत्येकाचा चार ओळींचा परिचय वाचला जातो, भाषणं होतात आणि शेवटी सगळ्यांसाठी मिळून एक मौन. परिचय मी लिहिते. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हे काम माझ्याकडे येण्याचं कारण एवढंच की मी इथल्या कुणाच्याच भावकीतली नाही.

फ्लेक्सचे काही नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, पण कसोशीने पाळले जातात. एका क्षेत्रात एकच माणूस. वरच्या भागात दिवंगत, खालच्या भागात 'शोकाकुल', म्हणजे समितीचे पदाधिकारी. शोकाकुलांचे फोटो दिवंगतांच्या फोटोंपेक्षा थोडे मोठे असतात, कारण ते अजून निवडणुकीला उभे राहू शकतात. सोहळा संपला की फ्लेक्स कुणीतरी उतरवून नेतं आणि पुढे तो कडब्याच्या गंजीवर नाहीतर शेळ्यांच्या गोठ्यावर दिसतो. गेल्या वर्षीचे मान्यवर शिरड शहापूरच्या वाटेवर एका गोठ्यावर उलटे अंथरलेले आहेत. त्यांच्यातून पाण्याचा थेंब खाली येत नाही.

या वर्षीची बैठक व्यंकटरावांच्या खतांच्या दुकानाच्या माडीवर झाली. व्यंकटराव समितीचे अध्यक्ष, पंचायत समितीचे माजी सभापती. शेजारी रामप्रसाद गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक आणि कायमचे सूत्रसंचालक. काम सोपं नव्हतं. अध्यात्मात दोघे वारले होते, म्हणून एकाला संगीतात हलवलं. साहित्यात कुणीच वारलं नव्हतं, तिथे तहसीलबाहेर बसून खरेदीखतं लिहिणारे एक गृहस्थ घेतले. त्यांच्याइतकं लिखाण तालुक्यात कुणी केलेलं नाही, हे मलाही मान्य करावं लागलं. पत्रकारितेत, ज्यांचे वाढदिवसाचे फोटो पेपरात सगळ्यात जास्त वेळा छापून आले, ते. फक्त विज्ञानाचा चौकोन रिकामा राहिला. मागच्या वर्षी प्रमुख पाहुण्यांनी भाषणात 'विज्ञानालाही स्थान द्या' असं सांगितलं होतं, म्हणून तो यंदा नव्याने ठेवला होता.

एवढ्यात सिंधूबाई आणि त्यांची मुलगी सुकन्या जिना चढून वर आल्या.

सिंधूबाई म्हणजे पुंजाजींच्या पत्नी. आणि पुंजाजी म्हणजे 'माऊली साऊंड सर्व्हिस'. लग्न, सप्ताह, प्रचारसभा, शोकसभा, सगळीकडे माईक त्यांचाच. तो माईक कुंई करून ओरडायचा, आणि तो ओरडला की पुंजाजी माईकला सोडून बोलणाऱ्याला शिव्या द्यायचे. ते श्रावणात गेले. धंदा आता सुकन्या चालवते.

पुंजाजींबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्यांच्याकडे दोरी ओढून सुरू करायचं एक जुनं छोटं जनरेटर होतं. गाव त्याला नुसतं 'मशीन' म्हणतं. शोकसभेत मौन पुकारलं की पुंजाजी मशीन बंद करायचे. "मौन म्हंजे मौन. मशीन धडधडून राहिली तर ते कसलं मौन?" असं त्यांचं म्हणणं. अडचण पुढे यायची. मौन संपलं हे सांगायला माईकवरून 'ओम शांती' म्हणावं लागतं. माईकला वीज लागते. विजेला मशीन लागते. आणि मशीन कधी एका दोरीत सुरू व्हायची, कधी घाम फोडायची. तोवर गाव उभं. माईकवरून आल्याशिवाय मौन संपलं असं इथे कुणी धरत नाही.

त्यामुळे कोणाचं मौन किती लांबलं यावरून माणसाची किंमत ठरू लागली. बाळंतपणं करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुईणीला इतकं लांब मौन मिळालं की उन्हात दोघांना भोवळ आली, आणि ते दोघंही नंतर अभिमानाने सांगत. उलट पतसंस्थेच्या एका चेअरमनसाहेबांचं मौन लोक सतरंजीवरून नीट उठायच्या आतच संपलं. पोरीची सोयरीक करताना "ह्यांच्या आजाला मौन केवढं भेटलं होतं?" असं विचारलेलं मी स्वतःच्या कानाने ऐकलं आहे. घरची माणसं शोकसभेच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन पुंजाजींकडे यायची. पुंजाजी नारळ परत द्यायचे. "माझ्या हातात काय हाय? मशीनच्या मर्जीवर हाय."

व्यंकटरावांच्या वडलांच्या, अप्पांच्या, मौनाला मशीन पहिल्या दोरीलाच सुरू झाली होती. ते व्यंकटराव विसरले नव्हते.

"व्यंकटदादा, एवढा एक फोटो बसवा," सिंधूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. "ह्यांनी सगळ्यांसाठी गाव उभं केलं. ह्यांच्यासाठी कुणी उभं न्हाई राहिलं. ह्ये गेले तवा माईक लावायला बी कुणी नव्हतं."

"वहिनी, तुमचं बराबर हाय," व्यंकटराव म्हणाले. काम करायचं नसलं की ते याच वाक्याने सुरुवात करतात. "पण क्षेत्र कोणतं?"

"विज्ञानाचा चौकोन रिकामा आहे," मी म्हणाले. "ध्वनी हा भौतिकशास्त्राचाच विषय आहे."

"निता मॅडम, दोरी ओढणं म्हंजे विज्ञान व्हय? मंग हिरीचं पाणी शेंदणारी बाई बी शास्त्रज्ञच म्हणा की!"

सगळे हसले. सवयीने सिंधूबाईही हसल्या. सुकन्या हसली नाही.

"आन् विज्ञानात आपले संतरामकाका हायेत ना," व्यंकटराव म्हणाले. हे त्यांना त्याच क्षणी सुचलं असावं, कारण गुरुजीही दचकले. "भादव्यात गेले. टॉवरला जागा कुणी दिली? काकांनी. गावाच्या हातात मोबाइल कुणामुळं आला?"

"दूरसंचार क्रांतीचे जनक," गुरुजी म्हणाले आणि लगेच लिहून घेतलं.

संतरामकाकांनी आयुष्यात मोबाइल वापरला नाही. टॉवरच्या लहरी डोक्यात जातात या भीतीने त्यांनी आपली बाज दुसऱ्या शेतात नेली होती. हे बैठकीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"फोटोचं राहू द्या," व्यंकटराव सिंधूबाईंना म्हणाले. "मी भाषणात पुंजाजीचं नाव घेतो. सगळ्या मैदानाला सांगतो, उभे राहा म्हणून. शब्द हाय माझा. मंग तर झालं?"

सिंधूबाईंनी मान हलवली. झालं.

"पण सुकन्या, एक ऐक. ह्या टायमाला मशीन बंद करायची न्हाई. मौनाला बासरी लावायची हाय."

"मौनाला बासरी काहून?" सुकन्याने विचारलं.

गुरुजींनी खुलासा केला. नातवाच्या शाळेत, पुण्याला, त्यांनी हा प्रकार पाहिला होता. "पार्श्वसंगीत असलं की मौन भरीव वाटतं. नाहीतर लोकांना काय करावं ते कळत नाही."

"काका, आमचं मोठं जनरेटर हट्टा गावाला पार्टीसाठी चाललंय त्या दिवशी, थर्टी फर्स्टला," सुकन्या म्हणाली. "बाबाची मशीनच आणावी लागंल."

व्यंकटरावांना ते मुळीच आवडलं नाही. पण त्या दिवशी जिल्ह्यातला एकही साऊंडवाला मोकळा नसतो. "आण. पण बंद केली तर बघ."

"तुमी नाव घ्या काका. मी न्हाई बंद करत."

एकतीस तारखेला ऊन स्वच्छ होतं. पुढे पाहुण्यांसाठी खुर्च्या, मागे सतरंज्या. मंचावर माझ्यासाठी ठेवलेली खुर्ची ऐनवेळी पाहुण्यांच्या अंगरक्षकाला दिली गेली, म्हणून मी मंडपाच्या अगदी मागे, मशीनपाशी, सुकन्या आणि सिंधूबाईंजवळ बसले. सिंधूबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत फोटो होता. त्यांनी तो मला काढून दाखवला. पुंजाजींचा एकट्याचा फोटो घरात नव्हताच. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून मोठा केला होता. त्यात पुंजाजी माईक तपासत होते आणि त्यांच्या खांद्यावर कुण्या नवरदेवाचा हात तसाच राहिला होता, मेंदीसकट.

"फोटो काहून आणला, माय?" सुकन्याने विचारलं. "फोटोचं न्हाई म्हणलेत ना."

"त्यो नाव घेईल तवा हातात धरीन. लोकायला कळाया नको कोण ते?"

मी लिहिलेले परिचय गुरुजींनी वाचले. मी 'संतराम यांनी टॉवरसाठी जागा दिली' असं लिहिलं होतं. गुरुजींनी 'गावाचं अवकाशाशी नातं जोडून स्वतः अवकाशात विलीन झालेले' असं वाचलं. टाळ्या पडल्या. मग, या टाळ्या वाजवण्याचा प्रसंग नाही, असं त्यांनीच सांगितलं.

मग व्यंकटराव उठले. त्यांनी प्रत्येक दिवंगताचं नाव घेतलं. पाहुण्यांचं घेतलं, पाहुण्यांच्या दिवंगत मातोश्रींचं घेतलं. मंडपवाल्याचं, चहावाल्याचं, मेन रोडच्या ट्रका थोपवणाऱ्या पोलिसाचं, फ्लेक्स छापणाऱ्या विजयकुमारचं. प्रत्येक नावाआधी सिंधूबाई जराशा सरसावून बसत होत्या. पिशवीतला हात फोटोवर होता.

"घेतेत, घेतेत," सुकन्या म्हणत होती. "आता घेतेत बघ, माय."

"आणि शेवटी," व्यंकटराव म्हणाले, "उत्तम ध्वनिव्यवस्थेबद्दल माऊली साऊंड सर्व्हिसचे आभार." आणि ते बसले.

सिंधूबाईंनी पिशवीतून हात बाहेर काढला. "विसरला असंल. एवढी नावं घ्यायची म्हंजे..."

"न्हाई, माय. बापाचं मौन एवढ्या वर्षांत विसरला न्हाई त्यो. ह्ये विसरंल व्हय?" सुकन्याने ओठ आवळले, पण ती जागेवरून हलली नाही. पुढच्या सगळ्या सुपाऱ्या व्यंकटरावांच्याच माणसांच्या होत्या.

गुरुजींनी मौन पुकारलं. सगळे उठले, टोप्या निघाल्या, हात जोडले गेले. पेनड्राइव्हवरची बासरी सुरू झाली. चांगली होती, पण लग्नाच्या हॉलमध्ये पाहुणे जेवत असताना वाजते तशी.

सिंधूबाई उठल्या. मशीनपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि टाकीखाली हात घालून काहीतरी फिरवलं. मशीन काही क्षण तशीच चालली, मग खोकली, दोनदा अडखळली आणि बंद पडली. बासरी श्वासाच्या मधोमध तुटली.

"माय!" सुकन्या कुजबुजली.

सिंधूबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी पिशवीतून फोटो काढला आणि मशीनच्या टाकीला टेकवून उभा केला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दूर एक ट्रक गिअर बदलत चढावर गेला. बाजारातल्या कुठल्याशा दावणीला शेळी ओरडली. मंडपाचं कापड फडफडलं. मग आमच्या पुढे उभे असलेले जळबा, मेंढरं राखणारे म्हातारे, मान वळवून मशीनकडे बघू लागले. त्यांनी फोटो पाहिला. ते पूर्ण वळले.

"पुंजाजीचं हाय," ते शेजारच्याला म्हणाले.

ते ओळीओळीने पुढे गेलं. मोठ्याने कुणी बोललं नाही, मौन होतं. पण सतरंजीवरची माणसं एकेक करून वळत गेली. मग खुर्च्यांच्या मागच्या रांगा वळल्या. थोड्याच वेळात बहुतेक मैदान फ्लेक्सकडे पाठ करून, हात जोडून, एका बंद मशीनसमोर उभं होतं.

मंचावरून गुरुजींनी माईकवर बोट आपटलं. मग तसंच, माईकशिवाय, "ओम शांती" म्हणाले. पहिल्या रांगेतल्यांना ते नक्की ऐकू गेलं असणार. पण कुणी बसलं नाही. माईकवरून आलं नव्हतं. पाहुणे एकदा बसले, आजूबाजूला पाहून पुन्हा उठले. व्यंकटरावांच्या समोर स्थानिक वाहिनीचा कॅमेरा होता, त्यामुळे त्यांना जोडलेले हात सोडता येईनात. ते नुसत्या भुवयांनी सुकन्याला मशीन सुरू करायला सांगत होते.

सुकन्याने दोरी गुंडाळून ओढली. मशीन फुरफुरली आणि गप्प झाली. तिने पुन्हा ओढली. पुन्हा. पोरगी मनापासून ओढत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळ्यांत पाणी. मी मदत करावी म्हणून वाकले, तेव्हा मला दिसलं.

टाकीतून इंजिनाकडे तेल सोडणारा कॉक बंद होता. त्यावर सिंधूबाईंचा हात होता आणि हातावर पदर होता.

कॉक बंद केला की नळीत उरलेलं तेल संपेपर्यंत इंजिन चालतं आणि मग थांबतं. तो उघडेपर्यंत दोरी कितीही ओढली तरी ते सुरू होत नाही. याला मर्जी म्हणत नाहीत.

मी सिंधूबाईंकडे पाहिलं. त्या फोटोकडे बघत होत्या.

"ह्ये बी असंच करायचे, मॅडम," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "सांगू नका कुणाला."

मला सुईण आठवली. पतसंस्थेचे चेअरमनसाहेब आठवले. अप्पा आठवले. या गावातली कितीतरी मौनं मी मशीनचा लहरीपणा म्हणून मनात नोंदली होती. ती सगळी एकेक करून जागा बदलू लागली. पुंजाजी दर वेळी नारळ का परत करत, तेही मला कळलं.

मौन चालू होतं. मी सरळ उभी राहिले आणि हात जोडले.

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. जळबांच्या गालावरून घाम निघून दाढीत शिरला, एवढं आठवतं. मग सिंधूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच हालचालीत खाली कॉक सरकवला.

"आता ओढ," त्या मुलीला म्हणाल्या.

मशीन त्या दोरीला सुरू झाली. माईक कुंई करून ओरडला, अगदी पुंजाजींच्या वेळी ओरडायचा तसा, आणि त्यापाठोपाठ गुरुजींचा घोगरा झालेला आवाज आला, "ओम शांती! शांती! बसा, बसा!" तुटलेली बासरी तिथूनच पुढे वाजू लागली. ती बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

लोक घरी जाताना मशीनपाशी थांबत होते. कुणी म्हणालं, माझ्या लग्नात त्यानं माईक अर्ध्यात नेला होता. कुणी म्हणालं, लई शिव्याळ माणूस. एक बाई म्हणाली, माझ्या सासऱ्याला लांब दिलं होतं बिचाऱ्यानं. सिंधूबाई सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत होत्या.

मंचाजवळ वेगळं चाललं होतं. दिवंगतांचे नातेवाईक पत्रकारांना घेरून उभे होते. प्रत्येकाच्या मते हे मौन त्यांच्याच माणसाचं होतं. खरेदीखतं लिहिणाऱ्यांचा मुलगा सांगत होता, "साहित्यिकाला असा मान तालुक्यात पहिल्यांदाच भेटला." दुसऱ्या दिवशी पेपरात 'मान्यवरांना अभूतपूर्व मौन' असा मथळा आला. फोटोत सगळ्या गावाची पाठ होती.

व्यंकटराव गर्दी ओसरल्यावर आमच्याकडे आले. सुकन्या दोरी गुंडाळत होती, ती थांबली. तिचा चेहरा उतरला होता.

"वहिनी," व्यंकटराव म्हणाले, "पाहिलं का? संतरामकाकाला केवढं भेटलं!"

सिंधूबाई रिकाम्या पिशवीची घडी घालत होत्या.

"पाहुणे म्हणले, असं मौन मी मुंबईला बी न्हाई पाहिलं." त्यांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं, पण मी वायर आवरायला मदत करत होते आणि त्यांच्या लेखी मी तिथे नव्हते. त्यांचा आवाज खाली आला. "वहिनी, एक काम होतं. चैत्रात अप्पांची पुण्यतिथी येऊन राहिली. अप्पांचं त्या टायमाला... जरा कमीच झालं होतं. लोकं अजून बोलतेत. परत एकदा घेता येईल का? हीच मशीन आणा. बासरी न्हाई लावत."

"घेऊ की," सिंधूबाई म्हणाल्या.

"आन् पुंजाजीचा फोटो पुढच्या फ्लेक्सवर बसवतो. विज्ञानात."

"फ्लेक्सवर नगं, दादा. शेळ्यायचं मूत उडतंय त्याच्यावर."

व्यंकटरावांना ते कळलं नाही, किंवा त्यांचं लक्ष नव्हतं. ते मशीनकडे बघत होते. "मंग अप्पांना बराबर भेटंल ना?"

"माझ्या हातात काय हाय?" सिंधूबाई म्हणाल्या. "मशीनच्या मर्जीवर हाय."

व्यंकटरावांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटण्यासारखं होतं. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी चपला काढल्या आणि मशीनला वाकून हात जोडले. फोटो अजून टाकीला टेकून तसाच उभा होता. पुंजाजी माईक तपासत होते, आणि नवरदेवाचा मेंदी लावलेला हात त्यांच्या खांद्यावर होता.